गाडी तर दूर होती

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शाळेतला पाचवीचा एक मुलगा फाटकासमोर मोटारसायकलखाली आला. अल्लाहचे शुक्र, जीव वाचला. डाव्या नडगीचे हाड मोडले, दीड महिना प्लास्टर राहिले, सहामाही परीक्षा बुडाली. मोटारसायकलवाला तरुणही खरचटला. लोकांनी त्याला मारायला हात उचलला होता. आमच्या शिपाईमामांनी मध्ये पडून त्याला वाचवले.

शाळा तालुक्याच्या गावाबाहेर, राज्यमार्गाला लागून आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या रस्त्यावर इतके खड्डे होते की बैलगाडी आणि मोटार यांच्यात फारसा फरक पडत नसे. आम्ही सगळ्यांनी खड्ड्यांविरुद्ध निवेदने दिली, सह्या गोळा केल्या. रस्ता सिमेंटचा झाला, चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. आणि मग कळले की इतकी वर्षे त्या खड्ड्यांनीच आमची मुले सांभाळली होती.

दवाखान्यात आम्ही त्या मुलाला भेटायला गेलो ते सांत्वन करायला. पण खरे सांगायचे तर रागावूनच गेलो होतो. दर सोमवारी परिपाठात ‘उजवीकडे बघा, डावीकडे बघा’ सांगून आमचे घसे बसले होते. आम्ही विचारलेच, “देखके चलना नहीं आता?” तो म्हणाला, “मैं देखा था मॅडम. गाडी दूर थी. एकदम आ गई.” आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. पकडले गेल्यावर मुले जे सांगतात तेच हा सांगतो आहे, असे वाटले. त्याची अम्मी उशाशी बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, “मेरा बच्चा झूठ नई बोलता, मॅडम.”

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. तो खोटे बोलत नसेल, तर मग त्याने काय पाहिले? या प्रश्नापायी आम्ही गेले वर्षभर वाचत आहोत, जाणकारांना विचारत आहोत, आणि शाळेच्या अंगणात छोटे-मोठे प्रयोग करत आहोत. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते, कारण रस्ता आता सगळ्यांच्याच दारापुढे आला आहे.

हलणे दिसते म्हणजे काय

आपल्याला वाटते की डोळा हा कॅमेरा आहे. वस्तू हलली की डोळ्यात तिचे चित्र हलते आणि ते आपल्याला दिसते. यात समजण्यासारखे काय आहे? पण थोडे थांबून विचार केला तर हे इतके सरळ नाही असे लक्षात येते. मनमाडला आपली गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर आपल्याला वाटते की आपणच निघालो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेली मुले ओरडतात, “चाँद भाग रहा है!” चंद्र कुठे पळतोय? पळतात ते ढग. उलट आपण मान वळवून खोलीभर पाहतो तेव्हा डोळ्यातले सारे चित्र सरकते, तरी भिंती जागच्या जागीच दिसतात.

एक साधा प्रयोग घरी करून पाहा. आरशासमोर उभे राहा आणि आपल्या डाव्या डोळ्याच्या बुबुळाकडे पाहा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे इकडून तिकडे जात आहेत हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट दिसते. तुम्हाला मात्र तुमचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. डोळा उडी मारतो त्या अल्पशा काळापुरते मेंदू पाहणेच जवळजवळ बंद करतो, आणि मधली फट आपल्याला जाणवूही देत नाही. आम्ही हा प्रयोग आठवीच्या वर्गात केला, तेव्हा मुलींनी आरसा कोणाच्या हाती राहणार यावरून भांडण केले. पण सगळ्यांनी पाहिले.

हा विचार नवा नाही. बसरा शहरात सुमारे ९६५ मध्ये जन्मलेल्या आणि सुमारे १०४० मध्ये कैरोत वारलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाज़िर’ या सात भागांच्या ग्रंथात दृष्टीचा अभ्यास केला. आपल्याकडे अशी नावे व्यासपीठावरून फार अभिमानाने घेतली जातात. त्यांनी लिहिले काय, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. म्हणून इथे थोडे सांगतो. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला स्पर्श करतात हे जुने मत त्यांनी खोडून काढले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याहून पुढची गोष्ट अशी की, केवळ प्रकाश डोळ्यात शिरला म्हणजे पाहणे पूर्ण होत नाही, असे त्यांनी म्हटले. पाहणाऱ्याचे मन तुलना करते, ताडून बघते, अनुमान काढते; आणि हे इतक्या झटकन होते की आपण अनुमान काढले हेच आपल्याला कळत नाही. हलण्याबद्दल तर त्यांचे म्हणणे फार नेमके आहे. एखादी वस्तू हलते आहे हे एका क्षणात दिसूच शकत नाही. आधी ती इथे होती, मग तिथे, अशा दोन वेळा लागतात, आणि दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत तिची जागा बदललेली दिसावी लागते. म्हणजे हलणे दिसायला वेळ लागतो. रंगीत पट्ट्यांचा भोवरा जोरात फिरवला की वेगवेगळे रंग न दिसता एकच मिसळलेला रंग दिसतो, हे उदाहरण त्यांनी दिले. डोळ्याला प्रत्येक रंग टिपायला पुरेसा वेळच मिळत नाही.

हजार वर्षांपूर्वीचे हे लिखाण समजून घेताना आम्हाला वारंवार तो मुलगा आठवत होता. दोन वेळा पाहायला हवे, आणि दोन्ही वेळांमध्ये फरक दिसायला हवा. फरक दिसलाच नाही तर?

वाटाण्याचे रोप आणि आगगाडीतला प्रवासी

सिनेमाच्या पडद्यावर काहीच हलत नसते हे आपण जाणतो. सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली जातात. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने त्या रोपाची एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर ते रोप बघता बघता उगवून वेलीसारखे वर चढले. हा तुकडा दाखवून त्यांनी पैसे उभे केले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. रोप रोज वाढतच असते, पण इतके सावकाश की ते वाढताना कोणी पाहिलेले नसते. फाळक्यांनी मधला वेळ काढून टाकला आणि तेच वाढणे दिसू लागले.

शाळेत आम्ही याचे कारण ‘दृष्टिसातत्य’ म्हणून शिकवत आलो. वस्तू गेली तरी तिची प्रतिमा पटलावर सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागापर्यंत राहते, म्हणून चित्रे सलग वाटतात. अंधारात पेटती अगरबत्ती गोल फिरवली की लाल वर्तुळ दिसते, त्याचे कारण हेच. पण त्याने हलणे समजत नाही. आधीची प्रतिमा नुसती मागे रेंगाळत असती तर पडद्यावर चालणाऱ्या माणसाचे दहा-बारा पाय एकावर एक साचलेले दिसले असते, अगरबत्तीसारखा एक फराटा दिसला असता. एक माणूस दोन पायांवर चालताना दिसला नसता. इतकी वर्षे हे फळ्यावर लिहीत आलो आणि ही शंका आम्हाला आली नाही, याची थोडी लाजच वाटली.

ही गोष्ट नीट उलगडली ती जर्मनीत. १९१० मध्ये माक्स वेर्टहायमर नावाचे मानसशास्त्रज्ञ आगगाडीने प्रवास करत असताना त्यांच्या मनात एक कल्पना आली. ते फ्रँकफुर्टला उतरले आणि चित्रे फिरवून हलती दाखवणारे लहान मुलांचे एक खेळणे त्यांनी विकत घेतले. पुढे प्रयोगशाळेत त्यांनी सगळा फाफटपसारा काढून टाकून फक्त दोन प्रकाशरेषा ठेवल्या. आधी एक दाखवायची, मग थोड्या अंतरावर दुसरी. दोहोंमध्ये सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जाऊ दिला तर पाहणाऱ्याला आधी एक रेषा, मग दुसरी, असे वेगवेगळे दिसे. मधला काळ सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढा कमी केला तर दोन्ही एकाच वेळी पेटल्यासारख्या दिसत. आणि या दोहोंच्या मध्ये, सुमारे ६० सहस्रांश सेकंदाला, एकच रेषा इथून तिथे सरकताना दिसे. मधल्या जागेत काहीच नव्हते. तरी ‘एकच वस्तू सरकली’ हे पाहणारा शपथेवर सांगायला तयार. १९१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. लग्नाच्या मांडवावर विजेची माळ ‘पळते’ ती अशीच. एकही दिवा जागचा हलत नाही, ते फक्त पाळीपाळीने लागतात.

म्हणजे मेंदू दोन ठिपके जोडतो आणि मधली रेघ स्वतः ओढतो. तो असे का करतो? कारण जगात सहसा तसेच घडते. इथे दिसलेली मांजर क्षणात तिथे दिसली तर ती बहुधा तीच मांजर असते.

बाळे हे किती लवकर शिकतात, यावर बराच अभ्यास झाला आहे. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांना वर्षानुवर्षे पाहून लिहिले की आठेक महिन्यांपर्यंत बाळासमोरचे खेळणे कापडाखाली झाकले तर ते शोधायला जात नाही. जणू ते खेळणे जगातूनच गेले. बी.एड.ला हे आम्ही पाठ केले होते. पुढच्या अभ्यासकांनी मात्र हाताऐवजी बाळाची नजर पाहिली. १९८३ मध्ये केलमन आणि स्पेल्की यांनी चार महिन्यांच्या बाळांना एक काठी दाखवली. तिचा मधला भाग एका ठोकळ्याआड होता. काठीची वरची आणि खालची टोके एकदम मागेपुढे हलली, तर बाळे ती एक सलग काठी आहे असेच धरून चालत. ठोकळा काढल्यावर दोन तुकडे निघाले तर ती जास्त वेळ टक लावून पाहत. काठी स्थिर असली की हा फरक दिसत नसे. एक आणि दोन यांचा हिशेब बाळ हलण्यावरून करते, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटली. आमची पाच महिन्यांची नात ओढणीआड लपणाऱ्या आपल्या अम्मीची वाट पाहत ज्या जागेकडे नजर लावते, ती जागा बहुतेक बरोबर असते. ती तिच्यासाठी नुसता खेळ नसणार.

हीच सवय रस्त्यावर दगा देते. बेल्जियममधील आल्बेर मिशोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, एक वस्तू आडोशामागे गेली आणि योग्य वेळी दुसऱ्या बाजूने एक वस्तू बाहेर आली, तर पाहणाऱ्याला ती एकच वाटते. मधल्या काळात तिचा आकार किंवा रंग बदलला असला तरीही. आता आमच्या फाटकासमोर उसाची दुहेरी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. मुले ट्रॅक्टर पुढे सरकण्याची वाट पाहतात. मागून आलेली एक मोटारसायकल ट्रॉलीआड दिसेनाशी होते. पलीकडून एक निघून जाते. मुलाला वाटते, गेली ती. पण ट्रॉलीमागे दोन होत्या.

जिचा चहा गोठत असे

हलणे दिसणे ही मेंदूची स्वतंत्र कामगिरी आहे याचा सगळ्यात चटका लावणारा पुरावा म्युनिकच्या एका बाईंनी दिला. शास्त्रीय लेखनात त्यांची फक्त आद्याक्षरे येतात, आपणही नाव शोधायला जाऊ नये. मेंदूतील रक्तवाहिनीत गाठ होऊन दोन्ही बाजूंना, कानाच्या वर थोड्या मागच्या भागात, इजा झाली. त्यांना रंग दिसत, चेहरे ओळखू येत, वाचता येई. फक्त हलणे दिसेना. योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या.

कपात चहा ओतताना त्यांना चहाची धार बर्फासारखी गोठलेली दिसे. कप भरत आला हे वर चढणाऱ्या पातळीवरून कळत नसे, म्हणून चहा बशीत, टेबलावर सांडे. बोलणाऱ्याचे ओठ हलताना न दिसल्याने गप्पांचा धागा सुटे. खोलीत दोनपेक्षा जास्त माणसे वावरू लागली की त्या घाबरून बाहेर पडत, कारण माणसे चालत येत नव्हती. आत्ता इथे, तर एकदम तिथे असत. आणि रस्ता! मोटार त्यांना आधी लांब दिसे. पाऊल टाकावे तोच ती अगदी अंगावर आलेली असे. मधले येणे त्यांना दिसतच नसे. हळूहळू त्या गाड्यांचे अंतर आवाजावरून ओळखायला शिकल्या.

हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. गाडी दूर थी. एकदम आ गई. आमच्या विद्यार्थ्याच्या मेंदूला काही झालेले नव्हते, देवदयेने तो धडधाकट आहे. पण शब्द तेच होते.

एक गंमत इथेच सांगतो. रॉबर्ट ॲडम्स नावाचे गृहस्थ १८३४ मध्ये स्कॉटलंडमधील फॉयर्सचा धबधबा पाहत होते. बराच वेळ पडत्या पाण्यावर नजर ठेवून त्यांनी बाजूच्या कड्याकडे पाहिले, तर खडक वर सरकताना दिसला. आणि नवल असे की तो वर सरकतो आहे असे वाटते, तरी जागा सोडत नाही. खाली जाणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी थकल्या की वरच्या दिशेच्या पेशींचे पारडे जड होते. पावसाळ्यात कुठे सहलीला गेलात तर मिनिटभर पाण्याकडे पाहून जरूर करून बघा. कठड्याच्या अलीकडे उभे राहून.

पौर्णिमेच्या चंद्राएवढी मोटारसायकल

आता मूळ मुद्दा. डोळ्यांसमोरून आडवी जाणारी वस्तू हलताना सहज दिसते. सरळ आपल्याकडे येणारी वस्तू मात्र डोळ्यात जागा बदलत नाही, ती फक्त मोठी होते. तेवढ्या वाढीवरून ‘येते आहे’ आणि ‘किती लवकर पोहोचेल’ हे ठरवायचे असते.

ही वाढ किती असते? हात लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरा. ८० मीटरवरची मोटार साधारण करंगळीएवढी रुंद दिसते. मोटारसायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून त्याच्या निम्मे; म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद. अंतर निम्मे झाले की दिसणारा आकार दुप्पट होतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी ८० मीटरवरून ४० वर यायला २.४ सेकंद घेते, ४० वरून २० वर १.२ सेकंद, २० वरून १० वर ०.६ सेकंद. प्रत्येक दुप्पट होणे आधीच्या निम्म्या वेळात. म्हणजे बराच वेळ ती जवळजवळ तेवढीच दिसते आणि शेवटच्या सेकंद-दीड सेकंदात फुग्यासारखी फुगते. ‘एकदम आ गई’ हे गणिताने खरे आहे. आम्ही फळ्यावर मांडले तेव्हा गणिताचे सर म्हणाले, “मग त्याला शाबासकी द्यायला हवी होती.”

याहून धक्का देणारी गोष्ट पुढे आहे. समजा तीन गाड्या तुमच्यापासून बरोबर पाच सेकंदांवर आहेत. ताशी ३० ने येणारी सुमारे ४२ मीटरवर असेल, ६० ने येणारी ८३ मीटरवर, ९० ने येणारी १२५ मीटरवर. तिघी एकाच क्षणी पोहोचणार. पण वेगवान गाडी जास्त लांब, म्हणून लहान दिसते, आणि तिची वाढही सगळ्यांत मंद. वेग दुप्पट झाला तर त्या क्षणीचे डोळ्यातले फुगणे निम्म्यावर येते. जी गाडी सगळ्यांत घातक तीच सगळ्यांत निवांत दिसते.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात जॉन वॉन आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांची आणि मोठ्या माणसांची याबाबत चाचणी घेतली. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गाडी पाच सेकंदांवर असताना मोठ्या माणसांना ताशी सुमारे ८० किलोमीटरपर्यंतच्या गाडीचे येणे भरवशाने ओळखता येत होते. प्राथमिक शाळेतील मुलांचा अंदाज मात्र ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की डळमळू लागला. मुले बेपर्वा होती म्हणून नव्हे. येणारी वस्तू वाढते आहे हे टिपण्याची त्यांची शक्तीच अजून पिकलेली नसते. शाळेसमोर वेग ताशी २० मैलांखाली ठेवा, याला त्या अभ्यासकांनी दिलेले कारण हेच.

हे वाचून आम्ही परिपाठातले आमचे वाक्य आठवले. ‘उजवीकडे बघा, डावीकडे बघा.’ तो बघतच होता.

सहावीच्या एका मुलीने नेमका प्रश्न विचारला, “मॅडम, फिर बच्चे क्रिकेट कैसे खेलते?” प्रश्न इतका चांगला होता की आम्हाला पुन्हा शोधावे लागले. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो आणि मग डोळे उडी मारून चेंडू टप्पा घेईल त्या जागेवर आधीच जाऊन थांबतात. चेंडूमागे नजर धावत नाही, पुढे जाऊन वाट पाहते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते, कच्च्याची उशिरा. त्याला ठाऊक असते की चेंडू कुठून येणार, केव्हा येणार, आणि साधारण किती वेगाने. रस्त्यावर यांपैकी काहीच ठाऊक नसते. रात्री तर आणखी कठीण, कारण मोटारीचे दोन दिवे एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात, त्यावरून ती जवळ येते हे कळते. मोटारसायकलचा एकच दिवा. आणि आपल्याकडे एक दिवा फुटलेले ट्रकही कमी नाहीत. मगरिबनंतर किराणा आणायला मुलांना रस्त्यापलीकडे पाठवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

मग आम्ही काय केले? क्रीडाशिक्षकांची ३० मीटरची टेप घेतली आणि रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेने मोजत गेलो. दुभाजकापर्यंतचा रस्ता सात मीटर. दप्तर घेतलेले लहान मूल तो सहा-सात सेकंदांत ओलांडते. ताशी ६० ची गाडी सहा सेकंदांत १०० मीटर येते, ९० ची १५० मीटर. म्हणून १५० मीटरवर एखादी खूण हवी होती. एका बाजूला नेमकी पंक्चरवाल्याची टपरी निघाली, दुसऱ्या बाजूला कडुलिंबाचे झाड. मुलांना आता गाडीचा वेग ओळखायला सांगत नाही. फक्त एवढेच: टपरीच्या अलीकडे चाकाचे काहीही असेल, ते कितीही लहान दिसो, पाऊल टाकायचे नाही. दुभाजकावर थांबून दुसऱ्या बाजूला झाडाचा तोच हिशेब. मोठी गाडी गेल्यावर मनात तीन आकडे मोजून पुन्हा पाहायचे, कारण तिच्यामागे किती होत्या ते ठाऊक नसते. उलट्या दिशेने येणारे महाभाग आहेतच. त्यांच्यासाठी शिपाईमामा आणि आमच्यापैकी एक जण शाळा सुटताना शिट्टी घेऊन उभे राहतात.

हा खरा उपाय नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याने ताशी ९० ची मोटारसायकल ओळखावी अशी अपेक्षा ठेवणारा रस्ताच चुकीचा आहे. गतिरोधकासाठी आणि पट्ट्यांसाठी संबंधित कार्यालयात अर्ज दिला, सोबत वरचे गणित जोडले. पहिल्या वेळी उत्तर आले की राज्यमार्गावर गतिरोधक देता येत नाही. दुसऱ्या अर्जावर ‘पाहणी करण्यात येईल’ असा शेरा मिळाला आहे. जानेवारीत तिसरा दिला, त्यावर ११४ पालकांच्या सह्या आहेत. खड्ड्यांविरुद्ध दिल्या होत्या तेव्हा याहून कमी होत्या.

तो मुलगा आता सहावीत आहे. थोडा लंगडतो, पण डॉक्टर म्हणतात जाईल. आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याच्या अम्मीसमोर त्याला सांगितले की तू खरे बोलत होतास. तो लाजला आणि बाहेर पळाला. तिने चहा टाकला. संध्याकाळी शाळा सुटली की रांगेत सगळ्यांत पुढे तोच असतो आणि मोठ्याने विचारतो, “पंक्चर खाली?” मागची सगळी रांग टपरीकडे बघते. पंक्चरवाल्या चाचांनी गेल्या महिन्यात टपरीपुढचा गंजका पिंप पांढऱ्या रंगाने रंगवून घेतला, मुलांना लांबून नीट दिसावा म्हणून.